पनवेलचा उत्तररंग

आमच्या देवळात कीर्तन रंगलं की नाही, हे किती माणसं आली यावरून ठरत नाही. आरतीपर्यंत किती टिकली, यावरून ठरतं. देवाच्या दारी येणं सोपं असतं. घरी कुकर लावायचा असतो, मालिका लागायची असते, गुडघे बोलायला लागतात, तरी जो बसून राहतो त्याला आम्ही खरा श्रोता म्हणतो.

यंदाच्या माघातल्या उत्सवात आभाची पहिली सेवा होती. आभा लाईन आळीतली, खारघरच्या कॉलेजात इतिहास शिकवते. तिचं कीर्तनाचं शिक्षण मी पहिल्यापासून पाहिलं आहे, कारण तिच्या रियाजाला पेटी माझीच असायची. माझी सगळी नोकरी पनवेल स्टेशनच्या तिकीट खिडकीत गेली. निवृत्त झाले आणि काचेमागून उठून पेटीमागे बसले. दोन्हीकडे काम एकच, समोरच्याला जायचं असतं तिकडे जाऊ द्यायचं.

उत्सवाच्या आधी बैठक बसली. बुधाजी अध्यक्ष. आगरी माणूस, शहात्तरी गाठलेला, मुलाचे ट्रेलर पळस्प्याला उभे असतात, पण स्वतः अजून देवळात झाडू मारून मगच चहा घेणारा. कीर्तनावर त्याचं प्रेम असं की, कीर्तन चालू असताना कुणी कुजबुजलं तर तो नुसता वळून बघतो, आणि बघितलेला माणूस पुढच्या एकादशीपर्यंत गप्प राहतो.

त्याने आभाला विचारलं, "उत्तररंगाला कुनाचा आख्यान लावतेस?"

कीर्तनाचे दोन भाग असतात. पूर्वरंगात तत्त्व सांगायचं आणि उत्तररंगात ते तत्त्व जगून दाखवणाऱ्या भक्ताची गोष्ट. ध्रुव, प्रल्हाद, एखादा राजा. गोष्टीला नायक एकच.

आभा म्हणाली, "काका, यंदा पनवेलचं आख्यान लावते. आपल्याकडे आगगाडी कशी आली त्याचं."

बुधाजीने चष्मा काढला. "नारदाची गादी हाय ती, पोरी. टेशनातली अलाउन्समेंट कराया नाय."

"देव पार नेतो असं आपण म्हणतो ना? मग ज्या गावानं आयुष्यभर लोकांना पार नेलं, त्या गावाची गोष्ट का नको?"

"बोलाया शिकलीस तू." बुधाजी मंडळींकडे वळला. "ठीक हाय. पन माजी अट. आरतीच्या आदी मंडपातला एक मानूस जरी उठला, तर फुडल्या सालापासून गादी पुन्याच्या बुवाला. आपल्या गावची पोर म्हनून लाड नाय."

तबल्यावरचा उदयसिंह म्हणाला, "काका, आणि एखाद्याला लघवीला लागली तर?" उदयसिंह तळोज्याच्या कारखान्यात पाळीवर काम करतो, राहतो सुकापूरला. देवाला भितो, बुधाजीला नाही.

"त्याला सूट," बुधाजी गंभीरपणे म्हणाला.

सगळे हसले. आभा हसली नाही. पुण्याचे बुवा फार मोठे आहेत, त्यांच्याविषयी मनात आदरच आहे. पण आमच्या गावातून कीर्तनकार उभा राहिल्याला किती काळ लोटला, ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं. ही गादी एकदा गेली, की आभाला दुसरी कोण देणार? जिला घरचं देऊळ नको म्हणालं, तिला बाहेरचं देऊळ कशाला बोलावील? परतताना ती मला एवढंच म्हणाली, "मावशी, एकही माणूस उठता कामा नये."

उत्सवाच्या दिवशी उन्हं कलली तेव्हा मंडप भरला. बायका डावीकडे, पुरुष उजवीकडे. पायऱ्यांवर नेहमीप्रमाणे रहीमभाई. बंदर रोडला त्यांचं सुतळी-दोरखंडाचं जुनं दुकान आहे. दरवर्षी कीर्तनाला येतात आणि पायरीवर पाय लांब करून बसतात. "आत या" म्हटलं की म्हणतात, "गुडघा दुमडत नाही, आणि देवासमोर पाय पसरणं बरं दिसत नाही." दाराशी सोमी बसली होती, तुळशीच्या जुड्या विकून झाल्या होत्या. कातकरी वाडीतली सोमी आमच्या उत्सवाला तुळस आणते आणि मग कीर्तन संपेपर्यंत हलत नाही. तिला मी कधी टाळी चुकवताना पाहिलेलं नाही.

आभा नऊवारीत, खांद्यावर उपरणं, हातात चिपळ्या. नमन झालं. पूर्वरंग तिने छान बांधला. देव कुठे भेटतो? पैलतीराला नाही भेटत, तो अल्याड भेटतो, होडीपाशी. पैलतीराला गेल्यावर देवाची गरजच काय? तो मधल्या पाण्याचा धनी आहे. बुधाजीची मान डोलली. ती मान डोलणं म्हणजे आमच्याकडे मानपत्रच. मध्यंतरात आभाला बुक्का लावला, हार घातला, लोक तिच्या पाया पडले. तिच्यापेक्षा तिप्पट वयाचे सुद्धा. माणसाच्या नाही पडत, गादीवरच्या नारदांच्या पडतात. तरी आभाच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि माझ्याही.

मग उत्तररंग.

"मंडळी, पनवेल म्हणजे काय?" तिने विचारलं. "पुण्याकडचं धान्य घाट उतरून बैलगाडीनं इथं यायचं आणि इथून होडीत बसून मुंबईला जायचं. मुंबईचं मीठ, कापड, खोबरं उलट्या वाटेनं वर जायचं. घाटात बैलगाडीचं चाक मोडलं, की गाडीवान म्हणायचा, कसंही करून पनवेल गाठू. कारण चाकं इथं घडायची. पनवेलचं चाक म्हणजे घाटात न बोलणारं चाक!"

मंडपात हशा आणि टाळी एकदमच आली. कासार आळीतल्या एका आजींनी शेजारणीला कोपर मारलं, "आमच्या मामांची भट्टी होती, लोखंडी धाव चढवायची चाकावर." बुधाजी वळून बघणार होता, पण बघितलं नाही.

"आणि मग आगगाडी आली. पण आपल्याकडे नाही. ती कल्याणहून कर्जतला गेली, खंडाळा चढली, पुण्याला पोचली. ज्या पनवेलवरून आख्खा घाट चालत होता, त्या पनवेलला तिने वळसा घातला. शंभर वर्षं वळसा घातला! गावं अशा वेळी मरतात, मंडळी. पनवेल मेलं नाही. बंदर चालू राहिलं, होड्या चालू राहिल्या. आणि शेवटी दिव्याहून रूळ निघाले, पनवेलच्या दिशेनं."

इथे तिने आवाज खाली आणला. उदयसिंहाने ठेका अगदी मऊ केला.

"खाडीकाठच्या दलदलीत भराव घालायचा होता. दगड हवा होता. रस्त्यानं गाडा रुतायचा. मग दगड आणला कुणी? होडीनं! ज्या होड्यांचा धंदा आगगाडी खाणार होती, त्याच होड्यांनी आगगाडीखालचा दगड वाहिला." आणि तिने साकी म्हटली, कीर्तनातलं दोन ओळींचं पद, स्वतः केलेलं:

दगड भरुनी होडी निघाली, भरती येता खाडी ।
जी संपविल तिला, ती वाटच, स्वये होउनी काढी ॥

दोनदा म्हटली. तिसऱ्यांदा लोकांनी धरली. माझ्या बोटांना पेटीवर घाम आला होता, पण पेटी गात होती.

"त्या होडीच्या मालकाला लोक म्हणाले, वेडा झालास? स्वतःच्या पायावर दगड टाकतोस? तेव्हा तो भला माणूस काय म्हणाला, माहीत आहे? तो म्हणाला, होडी राहो की जावो, माणसं पोचली पाहिजेत. मंडळी, हा आपला ध्रुव, हा आपला प्रल्हाद! आणि त्या मालकाचं नाव होतं, बंदर रोडचे अबरारमियाँ..."

"खोटा!"

मंडपात असा आवाज याआधी कधी झाला नव्हता. बुधाजी उभा होता.

कीर्तन चालू असताना गादीसमोर कुणी बोलत नाही. घरात आग लागली तरी माणूस कानात सांगतो. आणि इथे अध्यक्ष उभा राहून हात वर करून बोलत होता.

"ती बात अबरारमियाँनी केलीच नाय. ती माज्या बापूसनी केली! जोमा तांडेल. होडी हाकायचा कोन? मालक तर पेढीवर बसलेला. भरतीचा पानी कोनी वलखला? दलदलीत होडी घातली कोनी? माजा बापूस बोलला, होडी जाव दे, मानसा पोचली पायजेत. मरंपरेंत बोलायचा. आमच्या घरात पोरगी सासरी जाते तरी आमी तेच बोलतो!"

पायरीवरून रहीमभाई काठी टेकत उठले. म्हणजे उठणारे आता दोन झाले. मी मनात विठ्ठलाचं नाव घेतलं.

"बुधाजीभाऊ, माफ करा, पण मी चूप नाही बसणार. अब्बांनी हे बोललेलं माझ्या अम्मीने ऐकलं. मी स्वतः आभाबेटीला सांगितलं. अब्बांची होडी, अब्बांची जबान. माझा भाऊ कुवेतला निघाला तेव्हा अम्मी रडली, तर अब्बा हेच बोलले, रडतेस काय, माणसं पोचली पाहिजेत. ही आमच्या घरची दौलत आहे, ती अशी कुणी नाही उचलायची."

"उचलली कोनी? तुमी उचलली!"

"तौबा! तुम्ही भरकीर्तनात मला चोर म्हणता?"

"चोर नाय बोललो. बोललो तुमी उचलली."

आता मंडपातली माणसं गुडघ्यांवर आली होती. एका बाजूने "बुधाजी, खाली बसा" आणि दुसऱ्या बाजूने "रहीमभाईंचं ऐकून घ्या." आभा गादीवर तशीच. चिपळ्या हातात, हार गळ्यात. गादी सोडून तिला खाली उतरता येत नव्हतं, आरतीपर्यंत उतरायचं नसतं. तिने माझ्याकडे पाहिलं. तिची चूक तिला कळली होती. तिने मालकाच्या घरी विचारलं होतं, तांडेलाच्या घरी नाही. आणि तांडेलाचं घर कुठलं, हे तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं. मी काय करणार? मी सूर सोडला नाही. उदयसिंहाने ठेका सोडला नाही. आमच्या हातात तेवढंच होतं.

तेवढ्यात दाराशी सोमी उभी राहिली. तिसरी.

"आन दगूड काय आभालातून परला?" ती म्हणाली.

सगळे वळले.

"होडी तुमची, हाकली तुमी. चांगली गोस्ट हाय. दगूड कोनी फोडला? माज्या सासऱ्यानी, काळूनी. खानीत तो फोडायचा, सासू पाटीनी होडीत टाकायची. माज्या नवऱ्याला पाळन्यात तिथंच निजवायची, सुरुंग लागला की पाळना उचलून पलायची. दगूड फुटलाच नसता तर तुमच्या होड्या काय तुळशी भरून नेल्या असत्या?"

पहिलं कोण हसलं ते मला ठाऊक नाही. मला वाटतं रहीमभाईच. मग उदयसिंह हसला आणि त्याचा ठेका चुकला, मग सगळा मंडप हसला. बुधाजीचं तोंड उघडं होतं, पण हसू त्यालाही आवरत नव्हतं. "सोमे," तो म्हणाला, "तू कधीपासून बोलाया लागलीस कीर्तनात?"

"तुमी लागलात तवापासून."

आणि आभाने चिपळ्या वाजवल्या. "विठ्ठल विठ्ठल" असा गजर तिने धरला, साधा, सावकाश. गादीवरचा माणूस अडला, की नामाला हात घालतो, नाम त्याला बाहेर काढतं. मंडप गजरात आला. उभे होते ते उभ्यानेच म्हणू लागले. गजर उतरला तेव्हा तिचा आवाज परत आला होता, आणि आधीपेक्षा मोठा होता.

"बुधाजीकाका, रहीमचाचा, बसू नका," ती म्हणाली. "उभेच राहा. मला एक सांगा. तुमच्या दोघांच्या वडिलांचं भांडण होतं का?"

"भांडन? छे," बुधाजी म्हणाला. "एका ताटात जेवायचे. मासली यांच्या घरची, भाकरी आमची."

"एकाच होडीत?"

"मग काय दोन होड्यांत जेवतात?" रहीमभाई म्हणाले.

"मग ऐका. दगड भरलेली होडी. भरतीची वाट बघत दोघं बसलेत. त्या वेळी दोघांपैकी एक जण ते वाक्य बोलला. कोण, ते मला माहीत नाही, आणि तुम्हालाही नाही. पण दुसऱ्यानं ते ऐकलं, घरी नेलं, बायकोला सांगितलं, आणि मरेपर्यंत आपलं म्हणून सांभाळलं. ज्याच्याशी वैर असतं, त्याचं वाक्य कुणी घरी नेत नाही, काका. ज्याला आपण आपला मानतो, त्याचंच बोलणं आपल्याला आपलं वाटायला लागतं. भक्ताचं तरी काय होतं? देव बोलतो, आणि भक्ताला वाटतं, मीच बोललो. नामात तेच तर घडतं!"

मी आयुष्यात पुष्कळ कीर्तनं ऐकली, मोठमोठ्यांची ऐकली. पूर्वरंगातलं तत्त्व उत्तररंगाच्या मध्यावर असं चालत येऊन उभं राहिलेलं मी क्वचितच पाहिलं. आणि ते तिच्या वहीत नव्हतं, हे मला माहीत होतं. रियाजाला मीच बसत होते.

"आपण म्हणतो, आख्यानाला नायक एकच लागतो. आहेच एक. पण त्याचं नाव अबरार नाही, जोमा नाही, काळू नाही. त्याचं नाव पनवेल!" आणि तिने कटाव सुरू केला. कटाव म्हणजे श्वास न घेता धावणारी ओळ, तबल्याची आणि जिभेची शर्यत. आगगाडीसाठीच जणू नारदांनी तो राखून ठेवला होता.

"फुटला दगड, भरली होडी, तरली होडी, पडला भराव, आले रूळ! दिव्याहुनी सुटली, निळज्याला टेकली, तळोज्याला थांबली, कळंबोलीला वळली, पनवेलला आली, माणसं..."

"पोचली!" मंडप गरजला.

"आपट्याला निघाली, पेणला पोचली, रोहा ओलांडून कोकणात शिरली, बोगद्यात बुडाली, पुलावर उगवली, गणपतीला चाकरमानी घेऊन गेली, माणसं..."

"पोचली!"

"बेलापूर, खारघर, मानसरोवर, खांदेश्वर, खाडीवरचा वारा पीत पनवेलला आली! चिखल्यावरून, मोहोप्यावरून, चौकवरून डोंगर फोडून कर्जतला गेली! जिने वळसा घातला होता शंभर वर्षं, तिलाच आपण जाऊन मिळालो, मंडळी! गोव्याचा रस्ता इथं फुटतो, पुण्याचा रस्ता इथून चढतो, आता डोक्यावरून विमान उतरतं, आणि सगळ्यांच्या खाली तो दगड, न बोलता, माणसं..."

"पोचली!"

उदयसिंहाचे केस कपाळावर चिकटले होते. कासार आळीच्या आजी उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या, शेजारणीच्या खांद्याला धरून. आख्खा मंडप उभा होता. मी एकटी बसलेली, पेटी होती म्हणून. तिकीट खिडकीत असताना मी किती हातांत किती तिकिटं दिली असतील, पण ती माणसं कुठे पोचली ते मला कधी दिसलं नाही. त्या संध्याकाळी दिसलं.

आरती झाली. ताट फिरलं. एकही माणूस मंडपाबाहेर गेला नव्हता, पण बसलेलाही कुणी नव्हता.

प्रसाद वाटताना उदयसिंहाला राहवेना. "काका, अट काय होती? एक जरी माणूस उठला तर गादी पुण्याला. पहिलं कोण उठलं, जरा आठवून सांगता?"

बुधाजीने शिऱ्याचा द्रोण त्याच्या हातात दाबला. "मी बोलाया उठलो. घरी जाया नाय."

"अटीत तसं नव्हतं."

"अट माजी हाय ना? मग अर्थ पन मीच लावनार." मग तो आभासमोर गेला. ती अजून गादीवरच होती. बुधाजीने वाकून नमस्कार केला, मध्यंतरात केला होता तसाच, पण आता आरती झाली होती, म्हणजे हा नमस्कार तिलाही होता. "पोरी, गादी भंग केली ती मी केली. गादीची माफी मागतो. फुडल्या सालची सेवा तुजीच. आन त्याच्या फुडचीबी."

आभाने त्याचे हात धरले. "काका, माझी चूक होती. मी तुमच्याकडे यायला हवं होतं आधी."

"आता ये. बापूस काय काय बोलायचा, ते सगला सांगतो. रहीमभाईलाबी बोलाव, नायतर परत उठल."

"मी उठणारच," पायरीवरून रहीमभाई म्हणाले. "माझ्या बहिणीला, कुबराला, आधी विचारून येतो. अम्मीने तिला आणखी काय काय सांगून ठेवलंय, अल्ला जाणे."

सोमी रिकामी टोपली कमरेला लावून निघाली होती. आभा गादीवरून उतरली ती थेट दाराशी आली आणि तिच्यासमोर उभी राहिली. "सोमीमावशी, पुढच्या साली कर्जतची लाईन लावते. तुम्हीसुद्धा तिथं काम केलंय ना?"

"माती व्हायली मी तिथं. डोंगराच्या तोंडाशी."

"पहिली गाडी गेली तेव्हा तुम्ही काय म्हणालात?"

सोमीने थोडा विचार केला. आम्ही सगळे थांबलो होतो, बुधाजीसुद्धा हातात झाडू घेऊन. सगळ्यांना एखादं मोठं वाक्य हवं होतं, मला तर नक्कीच.

"मी? मी बोलले, अगं बया, माजा भाकरीचा डबा रुलाच्या त्या अंगाला ऱ्हायला. आता गाडी जाईपरेंत भुकी ऱ्हा."

रहीमभाईंनी पाय बाजूला सरकवून पायरीवर जागा केली. "बस सोमी," ते म्हणाले, "नीट सांग. कोणता डबा, काय होतं डब्यात, सगळं."

सोमी टोपली खाली ठेवून बसली. आभा तिच्या शेजारी, हार अजून गळ्यातच. बुधाजीने झाडू खांबाला टेकवला आणि खालच्या पायरीवर येऊन बसला, कुणीही उठायचं नाही अशा चेहऱ्याने.